न मोजलेले वेढे

गिटार वाजवणाऱ्या माणसांचा मिस्त्रींना मनापासून वैताग होता, आणि त्यांचं घर चालत होतं ते गिटार वाजवणाऱ्या माणसांवरच. हे दोन्ही एकाच्याच वाट्याला आलं की त्याचं जे होतं ते मिस्त्रींचं झालं होतं. भुवया कायमच्या वर चढलेल्या, मान कधीही नकार द्यायला तयार, आणि ओठांवर एकच वाक्य : "काय करावं या लोकांचं!"

दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. डावीकडे पोट उघडं टाकलेले अँप्लिफायर, उजवीकडे तारा काढलेल्या गिटारी, आणि मधून अंग चोरून जाता येईल एवढी वाट. मागच्या दारातून दोन पायऱ्या चढल्या की थेट स्वयंपाकघर. त्यामुळे मिस्त्रींचा वैताग आधी गिऱ्हाइकाला, मग भिंतींना आणि शेवटी भांडी विसळणाऱ्या बायकोला ऐकू जायचा. तिकडून "ऐकलं, ऐकलं" असं उत्तर आलं की मिस्त्रींना जरा मोकळं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी सकाळी बँकवाला आला. हा आठवडाभर बँकेत साहेब असायचा आणि सुटीच्या दिवशी कलावंत. त्यानं कोरी करकरीत गिटार टेबलावर ठेवली. इतकी कोरी की वरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही अजून निघालेला नव्हता.

"मिस्त्री, ही जरा जुनी करून द्याल?"

"काय करून देऊ?"

"जुनी. म्हणजे कोपऱ्यांवरचं पॉलिश घासायचं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पडतात ना, तसे काढायचे. हात टेकतो तिथं लाकूड उघडं करायचं. हल्ली सगळे करून घेतात."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. समोरचं दृश्य बदललं नाही.

"वाजवा ना. आपोआप पडतील ओरखडे."

"त्याला वर्षं लागतात हो!"

"साहेब, तुमच्या डोक्यावरचे केस काळे आहेत की केलेत?"

बँकवाल्याचा हात नकळत केसांकडे गेला. "त्याचा इथं काय संबंध?"

"तोच तर मला कळत नाहीये. स्वतःचं वय लपवायचं आणि गिटारचं वाढवायचं. काय करावं तुमचं!"

"ऐकलं, ऐकलं," वरून आवाज आला.

पण मिस्त्री एकदा सुरू झाले की मधे थांबे नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की ज्या जुन्या गिटारींची हे लोक आरती केल्यासारखी स्तुती करतात, त्या बनवणारे कोण होते? रेडिओ दुरुस्त करणारे. मिस्त्रींच्याच जातकुळीचे. त्यातल्या ज्याचं सगळ्यात मोठं नाव झालं, त्याला तर स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यानं सपाट फळी घेतली, कारण फळी कापायला सोपी. मान चार स्क्रूंनी बसवली, कारण खराब झाली तर काढून दुसरी लावता यावी. आणि आता लोक त्या फळीवर कान ठेवून म्हणतात, लाकडात आत्मा आहे.

"अँप्लिफायरचंही तेच," मिस्त्री बोलत होते आणि बँकवाला घड्याळाकडे बघत होता. "रेडिओतले ते काचेचे व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपन्या आकृत्यांच्या पुस्तिका काढायच्या. त्या बघून यांनी डबे जोडले. वरून प्रवासी बॅगांचं कापड चिकटवलं, कारण ते टिकाऊ. जिवाचा आटापिटा कशासाठी? तर आवाज फाटू नये म्हणून. आणि वाजवणाऱ्यांनी काय केलं? बटण शेवटपर्यंत पिळलं. मुद्दाम फाडला आवाज! एकानं तर स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला. आज तोच फाटका आवाज मिळावा म्हणून पायानं दाबायच्या डब्या विकत घेता तुम्ही. गिटारवर स्विच तीन जागांचा दिला, तर त्यात काड्या खुपसून तो मधल्यामध्ये अडकवला. म्हणे आवाज जरा नाकातून येतो, गोड वाटतो. शेवटी कंपनीनं हात जोडले आणि पाच जागांचा स्विच काढला. याला तुम्ही डिझाइनचा इतिहास म्हणता. हा कारागिरांनी गिऱ्हाइकांपुढे हात टेकल्याचा इतिहास आहे, साहेब."

"बरं, मग ओरखड्यांचं कधी बघता?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

त्या सगळ्या इतिहासात मिस्त्री टोपी काढून उभे राहायचे ते फक्त एकाच ठिकाणी. त्या जुन्या कारखान्यांतून अँप्लिफायरच्या आतली जोडणी बायका करायच्या, आणि काम झालं की आतल्या पत्र्यावर कागदी पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर स्वतःचं नाव लिहायच्या. गिटारीत सूर पकडणारी बारीक तारेची वेटोळी असतात, ती गुंडाळायलाही बायकाच. तार बोटांमधून सोडायची, अंदाजानं थांबायचं. त्यामुळे एक वेटोळं दुसऱ्यासारखं नाही. एकदा असा एक अँप्लिफायर दुकानात आला होता. मिस्त्रींनी पट्टी उडू नये म्हणून पंखा बंद केला, हात पुसले आणि बायकोला हाक मारून बोलावलं. "बघ. ही कोण कुठली बाई. इतक्या वर्षांपूर्वी हिनं हे जोडलं. नाव अजून आहे बघ!" बायकोनं वाकून बघितलं, "छान आहे अक्षर," म्हणाली, "चहा गार होतोय," म्हणाली आणि वर गेली. बायकांना इतिहासाची किंमत नसते, हे मिस्त्रींनी त्या दिवशी पुढच्या तीन गिऱ्हाइकांना सांगितलं.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. मिस्त्री तिथं रेडिओ शिकायला आले, शिकले, टिकले आणि थोरल्या मुलीशी लग्न करून घरातच वर सरकले. सासरे भला माणूस. डोक्यावर तरुणपणापासून एक केस नाही, आणि बोलणं त्याहून कमी. धाकट्या मुलीनं मैत्रिणींबरोबर बँड काढला तेव्हा त्यांनी तिच्यासाठी रेडिओच्या सुट्या भागांतून एक अँप्लिफायर बांधला. जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खोकं, बटणं तीन वेगवेगळ्या रेडिओंची. गिटार कशी वाजते हे त्यांना माहीत नव्हतं. मुलगी काय म्हणते एवढं माहीत होतं.

मिस्त्रींनी तो डबा पहिल्यांदा उघडून बघितला आणि त्यांच्या आयुष्यात एक ठणका कायमचा राहायला आला. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर! व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो तो तांब्याच्या तारेचा आणि लोखंडी पत्र्यांचा ठोकळा. तो असायला हवा त्याच्या निम्मा होता. कुठल्यातरी छोट्या रेडिओचा सांगाडा घेऊन त्यावर दुकानातच तार गुंडाळलेली. म्हणजे मोठ्या घराला खिडकीएवढं दार. आवाज वाढवला की सगळे सूर एकदम बाहेर पडायला धावणार आणि दारातच चेंगराचेंगरी.

"अहो बाबा, हा लहान पडतोय," तरुण जावई म्हणाला होता.

"असू दे," सासरे म्हणाले. "तिला आवडतंय."

या वाक्यावर मिस्त्री आजवर जळत आले होते. आवडतंय! हा काय तांत्रिक मुद्दा झाला? सासरे गेले, पण त्या ठोकळ्याचा विषय गेला नाही. बायकोला महिन्या-दोन महिन्यांनी ऐकायला मिळायचं, "तुझ्या बाबांनी सगळं आयुष्य नीट काम केलं आणि त्या एका डब्यात घाण करून ठेवली." बायको यावर कधी बोलायची नाही. भांडी जरा जास्त जोरात वाजायची, एवढंच.

आणि आता, बँकवाला ओरखड्यांचं आश्वासन न घेताच निघाला होता, तेवढ्यात दारातून तोच डबा आत आला. मागोमाग मेहुणी.

मेहुणी पेशानं दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची सवय असल्यामुळे समोरच्याला बोलू देणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"भावोजी, बाबांचा अँप. चालू केला की फ्यूज उडतो. रविवारी कार्यक्रम आहे. ते जुनं सभागृह पाडतायत, त्यात शेवटचा कार्यक्रम आमचा. आम्ही चौघी पुन्हा एकत्र. पहिला कार्यक्रम तिथंच केला होता, बाबा मागच्या रांगेत बसले होते. सुरुवात माझ्या एकटीच्या वाजवण्यानं आहे. कळलं?"

"कळलं. बघतो. तसा त्यातला तो ट्रान्सफॉर्मरही..."

"फक्त फ्यूज का जातो ते बघा."

"अगं, पण तो मुळातच..."

"भावोजी. फक्त. फ्यूज."

"बरं," मिस्त्री म्हणाले. आणि म्हणताना ते खरंच तसं म्हणत होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

फ्यूजचं काम चहा संपायच्या आत झालं. एक जुनाट कंडेन्सर फुगून आडवा झाला होता. तो बदलला, डबा सुरू झाला. इथं कुठल्याही समंजस माणसानं झाकण लावलं असतं. पण मिस्त्रींच्या नजरेसमोर तो ठोकळा होता, त्याच जागी, तसाच बुटका, तिरका, निर्लज्ज. आणि वरच्या फळीवर एक नवा, मोठा, नियमाप्रमाणे बांधलेला ट्रान्सफॉर्मर रिकामाच पडला होता. मिस्त्रींचे हात शिवशिवले. मेहुणीनं अमुक करू नका म्हटलं होतं, पण तिला तरी काय कळतं? रविवारी भर सभागृहात तो डबा पहिल्यांदा खणखणीत वाजेल, आणि तिलाच वाटेल, अरे, इतकी वर्षं का नाही हे केलं! सासऱ्यांच्या कामातला एवढा एक डाग पुसायचा. यात वाईट काय?

दुपारपर्यंत नवा ठोकळा जागेवर बसला. घरघर गेली. आवाज असा स्वच्छ झाला की त्यात तोंड बघून घ्यावं.

पण मिस्त्रींचं तेवढ्यावर भागेना. जुना ठोकळा टेबलावर होता. आपण इतकी वर्षं बोलत आलो ते किती खरं होतं, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्यांनी त्याचे पत्रे काढले आणि आतलं वेटोळं ब्लेडनं उभं चिरलं. आत जे दिसलं त्यानं त्यांना मनस्वी आनंद झाला. तार कुठं घट्ट, कुठं सैल. मधेच एका कडेला ढीग, दुसऱ्या कडेला खड्डा. थरांमधले कागद वेडेवाकडे. आणि सगळ्यात आत, दोन थरांच्या मधे, एक लांबलचक काळा केस.

"केस!" मिस्त्री भिंतीला म्हणाले. "कामाच्या जागी केस!"

संध्याकाळी मेहुणी दवाखान्यातून परस्पर आली. तिनं गिटार काढली, वायर जोडली, आणि एकच तार छेडली. सूर आला, सरळ चालत गेला आणि दार लावून घेतल्यासारखा थांबला. तिनं दुसरी छेडली. मग बटण वाढवलं आणि तिसरी. मग हात तारांवर ठेवून ती डब्याकडे बघत राहिली.

"भावोजी, हा कोण?"

"कोण म्हणजे?"

"हा आतून बोलतोय तो. बातम्या देणारा माणूस वाटतोय. बाबा कुठायत?"

"अगं, स्वच्छ झालाय आवाज! आता फाटत नाही, गुदमरत नाही..."

"माझा दवाखानाही स्वच्छ आहे. तिथं कुणी गाणं ऐकायला येत नाही." तिनं वाकून डब्याच्या पाठीत बघितलं. नवा, चकचकीत ठोकळा तिला दिसला. "तुम्ही तो बदललात."

"तो लहान पडत होता."

"एक दात बघा म्हटलं, तर सगळे काढून कवळी बसवलीत तुम्ही! परत लावा जुना. आत्ता."

मिस्त्रींची नजर टेबलाकडे गेली आणि तिच्या नजरेनं पाठलाग केला. टेबलावर पत्र्यांचा ढीग होता, आणि शेजारी मधोमध चिरलेलं तांब्याचं वेटोळं.

मेहुणी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या ओरडण्याची घराला सवय होती. तिनं गिटारची वायर काढली, नीट गोल गुंडाळली, गिटार पेटीत ठेवली.

"रविवारी मी वाजवत नाही," ती म्हणाली. "त्या तिघींना कळवते." आणि निघाली. डबा तिथंच राहिला.

बायको मागच्या पायरीवर उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"चिरलंत?"

"अगं, मला फक्त बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"किती वाईट गुंडाळलंय ते!"

"मग? दिसलं?"

"दिसलं म्हणजे काय! तू ये, तूच बघ. इथं ढीग, इथं खड्डा. बाबांसारख्या माणसानं असं करावं? आणि वर आत केस! एवढा लांब केस. कामाला बसताना माणसानं निदान डोक्याला... पण बाबांच्या डोक्यावर तर..."

वाक्य तिथंच अडकलं. मिस्त्रींची मान हळूहळू वर झाली. बायको पायरीवर उभी राहून कपाळावरचे केस मागे सारत होती. आता ते आखूड होते आणि बरेचसे पांढरे. पण लग्नातल्या फोटोत ते कमरेपर्यंत होते, हे मिस्त्रींना आठवलं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "बाबांना बारीक तार दिसायची नाही. शाळेतून आलं की इथं वर मशीनवर मी बसायचे, खाली तुमच्यापर्यंत तयार ठोकळेच यायचे. दुकानातले सगळे ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलेत, लग्न होईपर्यंत. हा तर खास होता. धाकटीसाठी."

मिस्त्री स्टुलावर बसले. बसताना स्टूल तिथं आहे का हे त्यांनी बघितलं नाही. सुदैवानं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी म्हणत होतो, की बाबांनी घाण करून ठेवलीय..."

"ते मी ऐकत होते."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही घाण म्हणत होतात. मी कशाला हात वर करू, माझी माझी म्हणून?"

"अगं, पण मला काय माहीत!"

"विचारलंत कधी? कुठल्या त्या लांबच्या कारखान्यातल्या बाईची चिकटपट्टी आली, तर पंखा बंद करून उभे राहिलात. मला वरून बोलावून दाखवलीत. मी म्हटलं, आता तरी हा माणूस विचारेल, की आपल्या दुकानात हे काम कोण करायचं. तुम्ही म्हणालात, बायकांना इतिहासाची किंमत नसते."

मिस्त्रींना वैताग आला, पण तो स्वतःचाच. आजवर सगळ्या जगाचा आला होता, स्वतःचा कधी आला नव्हता. सवय नसल्यामुळे तो फार जड गेला.

"आता?" ते शेवटी म्हणाले.

"मशीन माळ्यावर आहे. काढा."

वाइंडिंग मशीन म्हणजे हातानं फिरवायचा दांडा, एका बाजूला तारेचं रीळ आणि दुसऱ्या बाजूला रिकामी बॉबिन. मिस्त्रींनी ते पुसून, तेल घालून स्वयंपाकघराच्या टेबलावर घट्ट बसवलं. मग वेढे मोजणारं छोटं यंत्र जोडलं. बायकोनं ते काढून ठेवलं.

"अगं, मग किती वेढे द्यायचे ते कसं कळणार?"

"भरेपर्यंत."

"काय भरेपर्यंत?"

"बॉबिन. बाबा म्हणायचे, भरली की थांब."

"कुणी एक आकडा तरी सांगितला असेल!"

"कोण मोजत बसलंय?"

मिस्त्रींचा पारा चढला आणि चढलेलाच राहिला. तार किती ताणायची, विचारलं तर "तुटणार नाही एवढी." थर कधी बदलायचा, तर "कडा आली की." हे शास्त्र होतं का काय होतं? ते तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "इकडे सैल पडतेय... आता ओढ... अगं, एवढी नको..." आणि टण्‌कन तार तुटली.

"तुम्ही खाली जा बघू."

"मी काही बोलतच नाहीये."

"तुम्ही श्वास घेताय. तो बोलल्यासारखाच येतोय. जा खाली. आणि तिला बोलावून घ्या."

"कुणाला?"

"धाकटीला. मी गुंडाळायचे तेव्हा ती समोर बसून डोकं खायची. त्याशिवाय माझा हात चालायचा नाही."

मिस्त्रींनी फोन केला. अशा कारणासाठी याआधी जगात कुणी कुणाला फोन केला नसेल. "ये आणि तुझ्या ताईशी भांड," असं सांगताना त्यांना घाम फुटला. पलीकडून मेहुणी एवढंच म्हणाली, "तिनं गुंडाळला होता, हे तुम्हाला आज कळलं?"

ती आली, मिस्त्रींकडे न बघता वर गेली आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. खाली दुकानात मिस्त्री कान टवकारून. वरून दांड्याचा आवाज यायला लागला. घर्र, घर्र, घर्र. मग थांबला.

"तो निळा स्वेटर माझा होता, ताई."

"तुझा? मी आणला होता तो. तू घालून फाडलास."

घर्रघर्रघर्रघर्रघर्र.

"फाडला नाही. खिळ्याला अडकला."

"आणि खिळा चालत आला होता का तुझ्याकडे?"

घर्र... घर्र... "बाबांनी तुलाच ओरडायला हवं होतं. मलाच ओरडले." घर्रघर्रघर्र. "कारण थोरली मी! सगळं थोरलीवर!" घर्रघर्रघर्रघर्र. "अगं, कड आली, थांब, बोलू नकोस." "मी कुठं बोलतेय?" घर्र.

खाली मिस्त्री दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. नियम असा आहे की दांडा एका गतीनं फिरला पाहिजे. हा तर स्वेटरच्या गतीनं फिरत होता. तार राग आला की घट्ट बसत होती आणि हसू आलं की सैल. एकदा ते उठून एक पायरी चढलेसुद्धा, पण वरून दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, "खाली!"

बॉबिन भरली. बायको थांबली.

मिस्त्रींनी पत्रे परत रचायला घेतले तेव्हा शेवटच्या थराच्या कागदाखालून काहीतरी डोकावलं. त्यांनी भिंग लावलं. केस. आखूड, पांढरा. मिस्त्रींच्या हातात चिमटा आपोआप आला. त्यांनी तो केसाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला. पत्रे बसवले, ठोकळा जागेवर स्क्रूंनी आवळला, तारा सोल्डर केल्या. मग खणातून कागदी पट्टी काढली, एक तुकडा फाडला, त्यावर बायकोचं नाव लिहिलं आणि आतल्या पत्र्यावर दाबून चिकटवलं.

"हे काय?" बायकोनं मागून विचारलं.

"पद्धत आहे," मिस्त्री डब्यात तोंड खुपसून म्हणाले.

"अक्षर मात्र त्या बाईचं चांगलं होतं."

मेहुणीनं वायर जोडली. डबा सुरू झाला आणि पहिल्यांदा ऐकू आली ती घरघर. मिस्त्रींचा चेहरा वाकडा झाला. तिनं तार छेडली. सूर निघाला, दारात जरा अडखळला, खाकरला, आणि मग अंग सैल सोडून खोलीभर पसरला. तिनं बटण वाढवलं. सगळे सूर एकदम दाराकडे धावले, चेंगरले, एकमेकांच्या अंगावर पडले, आणि त्या चेंगराचेंगरीतून काहीतरी जाड, उबदार, जरासं बसक्या आवाजाचं बाहेर आलं. मेहुणी डोळे मिटून ऐकत होती. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. यंत्राकडे बघावं हे त्यांना सुचलं नाही.

"पूर्वीपेक्षा थोडा जाड झालाय," ती म्हणाली.

"मीपण झालेय," बायको म्हणाली. "चालेल का ते सांग."

मेहुणीनं फोन काढला आणि त्या तिघींपैकी कुणालातरी म्हणाली, "अगं, वाजवतेय मी. हो, बाबांच्याच अँपवर. नाही, बिघडला नव्हता. भावोजींनी दुरुस्त केला होता."

रविवारी सभागृह गच्च भरलं. मिस्त्री आणि बायको मागच्या रांगेत बसले, मेहुणीनं मुद्दाम तिथंच जागा ठेवली होती. पडदा वर गेला. रंगमंचावर मेहुणी एकटी, आणि शेजारी तो कपाटाच्या फळ्यांचा डबा. पहिल्या सुराआधी सगळ्या शांततेत घरघर ऐकू आली. मिस्त्रींची बोटं खुर्चीच्या हातावर रुतली. डब्यात एक छोटा कंडेन्सर वाढवला असता तर ही घरघर गेली असती. इतकं सोपं! ते अर्धवट उठले.

"बसा," बायको म्हणाली.

बसले. मेहुणी वाजवायला लागली. आवाज सभागृहाच्या जुन्या भिंतींना टेकत, रेंगाळत मागच्या रांगेपर्यंत आला. मिस्त्रींना त्यात तीन चुका ऐकू आल्या, मग दोन, आणि मग मोजायचं राहून गेलं. त्यांनी शेजारी बघितलं. बायकोचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं दांडा फिरवल्यासारखी हलत होती. मधेच जोरात, मधेच हळू.

टाळ्या संपायच्या आत पुढच्या रांगेतून बँकवाला वळला. डोळ्यांत पाणी आलेलं.

"मिस्त्री, काय डिझाइन आहे! आतला ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला आहे म्हणे. ज्यानं तो बांधला, त्यानं एकेक वेढा किती विचार करून दिला असेल!"

"विचार?" मिस्त्रींचा आवाज फुटला. "साहेब, तो निळ्या स्वेटरवरून भांडता भांडता गुंडाळलाय! हिनं! ही बसलीय बघा, हिनं! आणि एक वेढा मोजलेला नाही!"

बँकवाल्यानं आदरानं बायकोकडे बघितलं. त्याला मिस्त्रींच्या बोलण्यातलं फक्त कामाचं तेवढं ऐकू यायचं.

"वहिनी, माझ्या अँपसाठी एक असाच गुंडाळून द्याल?"

"देईन की," बायको म्हणाली. "पण समोर बसून भांडायला बहीण लागते. माझी आता मोकळी नाही, तिचा दवाखाना असतो. तुमची आणा."

बँकवाला गंभीर झाला. त्यानं बराच विचार केला.

"माझी मोठी आहे," तो म्हणाला. "मोठी चालेल की धाकटीच लागते?"

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं.